किल्ला गेला, खांब उरला : कुरोसावाचा मॅकबेथ आणि आपला 'राजमुकुट'

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. साधारण असं : कुरोसावानं मॅकबेथ पूर्णपणे जपानी करून टाकला, मराठी रूपांतरकारांनी मात्र नावं आणि पोशाख बदलण्यापलीकडे फार काही केलं नाही. वाक्य मला फार आवडलं होतं. ठाणे ते डोंबिवली उभ्यानं येतानाही मी ते मनातल्या मनात घोळवत होते. गाईड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहून मसुदा परत दिला : 'कुरोसावाचं काय बघितलंस? आणि मराठीचं काय बघितलंस?'

उत्तर द्यायला बसले आणि गप्प झाले. कुरोसावाचा चित्रपट मी तीनदा बघितला होता. मराठीचं मी पुस्तक वाचलं होतं. म्हणजे मराठीचं बघितलं काहीच नव्हतं.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा ती पास होऊन आता विषय शोधत असाल, आणि 'रूपांतर' हा विषय डोक्यात असेल (दर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात तो असतोच), तर ही चूक तुमच्याही हातून होणार आहे. म्हणून आज त्या चित्रपटाबद्दल नीट लिहिते आणि मग त्या चुकीकडे परत येते.

चित्रपट कोणता?

अकिरा कुरोसावा यांचा 'कुमोनोसु-जो', १९५७. शब्दशः अर्थ 'कोळ्याच्या जाळ्याचा किल्ला'. इंग्रजीत तो 'थ्रोन ऑफ ब्लड' म्हणून ओळखला जातो. शेक्सपिअरच्या मॅकबेथची गोष्ट कुरोसावानं जपानच्या यादवीच्या काळात नेली. मॅकबेथचा झाला वाशिझू (तोशिरो मिफुने), लेडी मॅकबेथची झाली असाजी (इसुझु यामादा), बँकोचा झाला मिकी (मिनोरु चिआकी). तीन चेटकिणींच्या जागी जंगलात चरखा फिरवत बसलेलं एकच पांढरं भूत.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. शूर सरदार, भविष्यवाणी, बायकोची फूस, धन्याचा खून, मित्राचा खून, चालत येणारं जंगल, शेवट. चित्रपट बघताना मात्र पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट खटकते. हे लोक बोलत का नाहीत? मॅकबेथ हे बोलण्याचं नाटक आहे. तो माणूस खून करायच्या आधी बोलतो, केल्यावर बोलतो, झोप उडाली म्हणून बोलतो, बायको गेल्यावर बोलतो. वाशिझू गुरगुरतो, ओरडतो, दात विचकतो, येरझाऱ्या घालतो. स्वतःशी बोलत तो जवळजवळ नाहीच.

इथे दोन प्रकारचे अभ्यासक भेटतात. एक म्हणतो, कविताच नाही तर हा शेक्सपिअर कसला? दुसरा म्हणतो, हे स्वतंत्र काम आहे, शेक्सपिअर विसरा. दोघंही सुटका करून घेतात असं मला वाटतं. कामाचा प्रश्न तिसरा आहे. मूळ नाटकात जिथे शब्द होता, तिथे चित्रपटात आता काय ठेवलंय? तीन प्रसंग घेऊन बघू.

पहिला प्रसंग : खून

शेक्सपिअरही राजाचा खून रंगमंचावर दाखवत नाही. पण खुनाच्या अलीकडे-पलीकडे शब्दांचा पूर आहे. हवेत दिसणारा खंजीर, दारावरची थाप, नवरा-बायकोचं तुटक कुजबुजणं.

कुरोसावा तोच खून दाखवत नाही आणि शब्दही काढून घेतो. किल्ल्यातल्या ज्या खोलीत हे दोघं बसलेत, त्या खोलीत आधीच्या एका फितुरानं जीव दिलाय. भिंतीवरचा रक्ताचा डाग धुऊनही गेलेला नाही. असाजी पहारेकऱ्यांना गुंगीची दारू पाजते. त्यातल्या एकाचा भाला आणून नवऱ्याच्या हातात देते. तो जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर जात नाही, तिच्याजवळ थांबतो. इतका वेळ मूर्तीसारखी बसलेली ही बाई उठते आणि त्या डागासमोर क्षणभर अशी झपाट्यानं हलते की ते नाचणं आहे की भीती, ते ठरवता येत नाही. मग पुन्हा बसते. तो परत येतो. भाला रक्तानं माखलेला आणि मुठी आवळलेल्या, उघडतच नाहीत. ती त्याच्या बोटांमधून भाला अक्षरशः सोडवून घेते, नेऊन पहारेकऱ्याच्या हातात ठेवते, परत येऊन हात धुते आणि मग दार उघडून बोंब ठोकते.

एवढं सगळं होईपर्यंत संवाद जवळजवळ नाही. ऐकू काय येतं? तिच्या रेशमी किमोनोची सळसळ. जमिनीला घासत जाणारी पावलं.

हे सगळं नोह या जपानी नाट्यप्रकारातून आलंय. नोहमध्ये नट मुखवटा घालतो, पाय न उचलता सरकत चालतो, बराच वेळ स्थिर राहतो आणि मग एकदम उसळतो. कुरोसावानं नटांना नोहच्या मुखवट्यांची छायाचित्रं दिली होती. मिफुनेला 'हेइदा' म्हणजे योद्ध्याचा मुखवटा, यामादाला 'शाकुमी' म्हणजे वय उतरणीला लागलेल्या, वेडाच्या काठावरच्या सुंदर बाईचा. हा चेहरा स्वतःचा म्हणून वापरा, असं सांगितलं. म्हणून असाजीचा चेहरा हलत नाही. कुरोसावा या चित्रपटात चेहऱ्याच्या जवळही फार जात नाही. नोहचा प्रेक्षक जसा अख्खं शरीर बघतो, तसं आपल्याला दुरून अख्खं माणूस बघायला लावतो.

म्हणजे शब्दाच्या जागी चाल आली. आणि ती चाल दिग्दर्शकानं मनानं शोधलेली नव्हती. शेकडो वर्षं घोटलेलं एक तयार व्याकरण त्याच्या हाताशी होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रसंग : बायकोचं म्हणणं

लेडी मॅकबेथ नवऱ्याच्या मर्दानगीवर घाव घालते. असाजीचा मुद्दा वेगळाच आहे. ती हिशेब मांडते. मिकीनं ती भविष्यवाणी धन्याच्या कानावर घातली तर? मग तू बंड करो न करो, धनी तुला जिवंत ठेवणार नाही. आणि धन्याचं काय घेऊन बसलास? तोही आपल्या आधीच्या धन्याला मारूनच गादीवर बसलाय.

हे शेवटचं वाक्य तुमच्या वहीत उतरवून घ्या. शेक्सपिअरचा डंकन भला राजा आहे, म्हणून त्याला मारणं हे सृष्टीचा क्रम मोडणं ठरतं. शेवटी माल्कम गादीवर बसतो, घडी पुन्हा बसते. कुरोसावाच्या जगात मोडायला घडीच नाही. खालच्यानं वरच्याला मारायचं आणि त्याच्या खालच्यानं त्याला, असं ते जग चाललंय. त्या काळाच्या जपानी इतिहासात यासाठी 'गेकोकुजो' असा शब्दच आहे : खालच्यानं वरच्याला उलथणं. चित्रपटाच्या सुरुवातीला धुक्यात एक खांब दिसतो, इथे किल्ला होता हे सांगणारा, आणि मागे समूहगान. शेवटी तोच खांब, तेच धुकं, तेच गाणं. नवा राजा दिसत नाही.

नाटकाचं चित्रपटात रूपांतर म्हणजे माध्यम बदललं, एवढं लिहून बरेच जण थांबतात. इथे नुसतं माध्यम बदललेलं नाही. शोकांतिकेचं कारण बदललंय. एका माणसाच्या पापाची गोष्ट एका व्यवस्थेच्या सवयीची गोष्ट झाली.

तिसरा प्रसंग : बाण

शेवटी मॅकबेथ मॅकडफशी लढत मरतो. वाशिझूला लढायला समोर कुणी मिळतच नाही. आपल्या सैनिकांना धीर यावा म्हणून त्यानं स्वतःच त्यांना भविष्यवाणी सांगितलेली असते : जंगल चालत आलं तरच मी हरेन. सैनिक जयघोष करतात. मग झाडं हलायला लागतात. सैनिक आता गप्प उभे. तो वरून ओरडतोय, जागा घ्या म्हणून. आणि बाण सुटतात ते शत्रूचे नाहीत, त्याच्याच माणसांचे.

हे खरे बाण होते. मिफुनेच्या अंगाशेजारच्या फळ्यांमध्ये तीरंदाज प्रत्यक्ष बाण मारत होते. त्याच्या चेहऱ्यावरची भीती पूर्णपणे अभिनयाची नाही, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. पण किस्सा म्हणून हे सांगून सोडू नका. बघा काय झालंय : अख्ख्या चित्रपटात शब्दाला जागा नाही, आणि जिथे नायक तोंडानं एक गोष्ट सांगतो, त्याच गोष्टीनं तो मरतो.

मग चित्रपटात काही कमी नाही का?

आहे. आणि समीक्षा लिहायची तर हे लिहावंच लागेल, नाहीतर ती आरती होते.

वाशिझूला आतलं आयुष्य नाही. मॅकबेथला आपण काय करतोय हे कळतं, आणि कळून तो करतो. आपल्याला त्याची दया येते ती या कळण्यामुळे. वाशिझू घाबरतो, चिडतो, फसतो. त्याला काही कळलं असं मला तीनही वेळा वाटलं नाही. म्हणून चित्रपट संपल्यावर मी थक्क असते, पण हळहळत नसते. नोहचं व्याकरण असाजीला पूर्ण पुरलं, कारण तिच्यात दडवलेलं खूप आहे आणि स्थिर चेहऱ्यामागे दडवता येतं. वाशिझू सतत उघडाच आहे. तिथे मुखवटा नुसता चेहरा ताणतो.

असाजीलाही कुरोसावानं एक गोष्ट जास्तीची दिली. ती गरोदर असल्याचं सांगते, आणि मूल मृत जन्मतं. शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ आपण मूल पाजल्याचं बोलते, पण ते मूल नाटकात कुठेच नाही. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅकबेथला मुलं किती, अशा मथळ्याचा निबंध लिहून असले प्रश्न विचारणाऱ्या टीकाकारांची थट्टा केली. पण रूपांतरकार तो प्रश्न विचारतातच. विशाल भारद्वाज यांच्या 'मक़बूल'मध्ये (२००३) मुंबईतल्या टोळीतली निम्मीही गरोदर आहे, पण तिथे मूल जगतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात सुखरूप बघून मक़बूल पिस्तूल खाली ठेवतो. एकाच रिकाम्या जागेची ही दोन उत्तरं. एका जगात सूडाची साखळी तुटते, दुसऱ्यात तुटत नाही. तुलना अशी करता येते : मूळ कृतीतली एक फट शोधायची आणि कोणी ती कशानं भरली ते बघायचं.

आता आपल्याकडे या

मॅकबेथ मराठीत कुरोसावाच्या कितीतरी आधी आला. शिवराम महादेव परांजपे, पुढे 'काळ'कर्ते म्हणून गाजलेले आणि १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेलेले, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'मानाजीराव' लिहिलं. त्याच्या मागे-पुढे आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट), देवलांचं 'झुंझारराव' (ऑथेल्लो) अशी सगळी रांग आहे. आणि १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' आला, मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर. त्यात नानासाहेब फाटक होते आणि दुर्गा खोटे होत्या.

१९५४ आणि १९५७. तीन वर्षांचं अंतर. आशियाच्या दोन टोकांना दोन मॅकबेथ. हे मला कळलं तेव्हा वाटलं, विषय मिळाला! आणि मी लगेच ते वाक्य लिहून टाकलं.

चूक कुठे होती ते आता सांगते. कुरोसावाच्या बाजूला माझ्याकडे असाजीची चाल होती, किमोनोचा आवाज होता, धुकं होतं, फूजी पर्वताच्या उतारावरची काळी ज्वालामुखीची माती होती, जिच्यावर त्यानं किल्ला उभारला. 'राजमुकुट'च्या बाजूला माझ्याकडे छापील संवाद होते. मग साहजिकच मला एकीकडे चित्र दिसलं आणि दुसरीकडे नुसते शब्द. त्यावरून मी निष्कर्ष काढला की मराठीवाल्यांनी फक्त शब्दच बदलले. प्रयोगात दुर्गाबाई कशा चालल्या, कुठे थांबल्या, हात धुण्याच्या प्रसंगात आवाज कुठे नेला, हे संहितेच्या पानावर नसतंच. कुणाच्याच संहितेच्या पानावर नसतं. कुरोसावाची पटकथा नुसती वाचली असती, तर तीही मला कोरडीच वाटली असती.

डोंबिवली-कल्याणच्या वाचकांना एक उदाहरण देते. कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात या खाडीशी जोडली जाते. आज तिथे गेलात तर देऊळ आहे, थोडी तटबंदी-बुरूज आहेत. एवढ्यावरून कुणी म्हणालं की हा किल्ला मुळातच किरकोळ होता, तर तुम्ही त्याला हसाल. जे उरलं ते बघून जे होतं त्याचं माप काढता येत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. छापील नाटक म्हणजे कुरोसावाच्या चित्रपटातला तो धुक्यातला खांब. 'इथे किल्ला होता' एवढंच तो सांगतो. मी खांब बघून म्हणाले, किल्ला फारच अरुंद होता हो!

वाक्य दुरुस्त कसं केलं?

मॅडमच्या प्रश्नावर मी तीन महिने घालवले. त्यातून जे शिकले ते तुमच्यासाठी थोडक्यात.

एक. पुरावा समान पातळीवर आणा. चित्रपटाची तुलना पुस्तकाशी करायची नाही. एक तर दोन्हीकडची लिखित संहिता घ्या, नाहीतर दोन्हीकडचा प्रयोग. प्रयोग डोळ्यांसमोर नसेल तर त्याच्या खुणा गोळा करा : त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं, छायाचित्रं, हस्तपत्रिका, नटांच्या आठवणी. दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आहे. जुनी नियतकालिकं बघायला दरवेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. आधी तिथे चौकशी करा. अर्धा दिवस फुकट गेला तरी हरकत नाही. 'मिळालं नाही' हेही नोंदवून ठेवायचं असतं.

दोन. ज्या भाषेतलं तुम्हाला कळत नाही, त्या भाषेतल्या शब्दांवर निष्कर्ष काढू नका. मी सुरुवातीला असाजीच्या 'भाषाशैली'वर दोन पानं लिहिली होती. कशावरून? सबटायटल्सवरून! क्रायटेरियननं काढलेल्या या चित्रपटाच्या आवृत्तीत इंग्रजी सबटायटल्सचे दोन वेगळे संच आहेत, एक लिंडा होगलंड यांचा आणि एक डोनाल्ड रिची यांचा. दोन्ही लावून एकच प्रसंग बघा. असाजी दोन वेगळ्या बायका वाटते. माझी ती दोन पानं एका अनुवादकाच्या शैलीबद्दल होती. ती काढली. चाल, अंतर, आवाज, कॅमेरा यांबद्दल मात्र मी बोलू शकते, कारण ते मी माझ्या डोळ्या-कानांनी तपासलंय.

तीन. 'आपल्याकडे व्याकरण कोणतं होतं?' हे विचारा. कुरोसावाला नोह मिळालं हे खरं. मग शिरवाडकरांच्या हाताशी काय होतं? त्यांच्यामागे गद्य नाटकाची एक सबंध परंपरा होती. गणपतराव जोशांचा हॅम्लेट बघायला लोक पुन्हा पुन्हा जायचे ते नटासाठी, त्याच्या वाणीसाठी. मराठी प्रेक्षकाला शोकांतिका कानानं घ्यायची सवय होती. आणि शिरवाडकर स्वतः कवी. त्यांनी शब्दाच्या जागी शब्द ठेवला, हा आळस असेलच असं नाही. त्यांच्या रंगभूमीचं जे घोटलेलं व्याकरण होतं, ते वाणीचंच होतं. कुरोसावानं आपल्या परंपरेतलं सगळ्यात पक्कं साधन वापरलं. शिरवाडकरांनीही तेच केलं असेल तर? मग 'कोण जास्त धाडसी' हा प्रश्नच गळून पडतो, आणि उरतो तो खरा प्रश्न : शोकांतिका शरीरावर सोपवली तर काय मिळतं, आवाजावर सोपवली तर काय?

वर मी म्हटलं ना, की वाशिझूला आतलं आयुष्य नाही? शरीरावर सगळं सोपवल्याची ती किंमत असू शकते. वाणीच्या परंपरेत कदाचित नेमकं तेच वाचतं. हे मी अजून सिद्ध केलेलं नाही. पण हा प्रश्न आता विचारण्यासारखा झालाय, आधीच्या वाक्यात तो नव्हताच.

एक धागा, जो मला वाटेत मिळाला

खुणा गोळा करताना दोन अभिनेत्री शेजारी शेजारी येऊन बसल्या. इसुझु यामादा १९३६ मध्ये मिझोगुचींच्या चित्रपटांतून गाजलेली. दुर्गा खोटे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ची तारामती. दोघीही बोलपटाच्या पहिल्या पिढीतल्या. दोघीही पन्नाशीच्या दशकात त्याच एका भूमिकेपाशी पोचल्या. आणि दोघींच्याही मागे एक अशी रंगभूमी, जिथे बायकांची कामं पुरुष करत आले होते. नोहमध्ये बाईचा मुखवटा पुरुष नटाच्या चेहऱ्यावर असायचा. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतरावांसमोर नायिका व्हायचे बळवंतराव जोग. म्हणजे यामादानं जो 'बाईचा चेहरा' धारण केला, तो पुरुषांनी घडवलेला होता. दुर्गाबाईंसमोर जो 'नायिकेचा आवाज' होता, त्याचं काय? तो त्यांनी घेतला की मोडला?

फितवणारी, महत्त्वाकांक्षी बाई ही पुरुषांनी रचलेली कल्पना आहे, हे आपण वर्गात सहज बोलतो. इथे ती कल्पना अक्षरशः एक मुखवटा म्हणून तपासता येते, आणि तो पहिल्यांदा बाईनं घातल्यावर काय झालं हेही बघता येतं. सध्या माझं दुसरं प्रकरण यावरच चाललंय. मसुद्यातलं ते आवडतं वाक्य खोडलं नसतं, तर या दोघी मला भेटल्या नसत्या.

तुमच्यासाठी गृहपाठ

'नटसम्राट' घ्या. शिरवाडकरांचंच, १९७० चं, किंग लिअरच्या सावलीतलं. गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभे केले डॉ. श्रीराम लागूंनी. २०१६ मध्ये महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, नाना पाटेकर यांचा. कुरोसावानंही १९८५ मध्ये लिअरवरून 'रान' केला. आता एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे : मी प्रत्यक्ष काय बघितलं-ऐकलं. उजवीकडे : मी काय वाचलं किंवा दुसऱ्याकडून ऐकलं. लागूंचा बेलवलकर कुठल्या रकान्यात जातो ते प्रामाणिकपणे लिहा. घरात आई-बाबांनी सांगितलेलं, गडकरी रंगायतनला कुणी काकांनी बघितलेलं, सगळं उजवीकडे. त्यानंतरच 'नाटकातला बेलवलकर श्रेष्ठ की चित्रपटातला' यावर तोंड उघडा.

बहुतेकांचा डावा रकाना फार लहान निघेल. माझाही निघाला होता. लाजू नका. सिनॉप्सिसमध्ये 'संशोधनाच्या मर्यादा' असं एक शीर्षक असतं आणि सगळे तिथे वेळेच्या नि पैशाच्या तक्रारी लिहितात. खरं तर तो उजवा रकाना तिथे जायला हवा.

माझं नवं वाक्य आता असं आहे : 'कुरोसावाचा मॅकबेथ आपल्याला दिसतो आणि शिरवाडकरांचा वाचावा लागतो. या प्रबंधातील तुलना हा फरक गृहीत धरून केली आहे.' पहिल्या वाक्याइतकं ते झोकात नाही. लोकलमध्ये घोळवावं असंही नाही. पण मॅडमनी त्याखाली काही लिहिलं नाही.